राज्याची सीमा आणि बंदुकीचा व्यवहार : अमेरिकेत विक्रेत्यांच्या शुल्काबाबत नाराजी का?

अमेरिकेत एखाद्या नागरिकाने परराज्यातील दुकानातून अथवा व्यक्तीकडून पिस्तूल विकत घेतले, तर ते त्याला थेट हाती मिळत नाही. ते आधी त्याच्या स्वतःच्या राज्यातील परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे पाठवावे लागते. हा विक्रेता नोंदी करतो, खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासून घेतो आणि मगच शस्त्र त्याच्या स्वाधीन करतो. या कामासाठी विक्रेता जे शुल्क आकारतो, त्यावर केंद्रीय कायद्याने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. हे काम स्वीकारलेच पाहिजे, असे बंधनही विक्रेत्यावर नाही. त्यामुळे दुकानागणिक बदलणारे दर, नकार आणि अटी यांविषयी तेथील शस्त्रधारकांमध्ये अनेक वर्षांपासून नाराजी आहे. हा वाद न्यायालयांपर्यंतही पोहोचला आहे.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक बाळगण्यासाठी त्या व्यक्तीला परवाना घ्यावा लागतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात परवाना लागतो तो शस्त्रांचा व्यवसाय करणाऱ्याला. सामान्य खरेदीदाराला केंद्राचा परवाना लागत नाही. काही राज्ये मात्र स्वतंत्र परवाना मागतात. त्यामुळे खरेदीदाराची शासकीय तपासणी प्रत्यक्षात खासगी दुकानाच्या काउंटरवर होते. शुल्काचा वाद समजून घेताना हा मूलभूत फरक लक्षात ठेवावा लागतो.

पार्श्वभूमी

१९६८ पूर्वी अमेरिकेत टपालाने बंदूक मागवणे सोपे होते. मार्च १९६३ मध्ये ली हार्वे ओस्वाल्ड याने शिकागो येथील क्रीडासाहित्याच्या एका दुकानातून खोटे नाव देऊन इटालियन बनावटीची रायफल मागवली. मासिकातील जाहिरात पाहून केलेल्या या खरेदीसाठी त्याला दुर्बीण व टपालखर्च धरून २१ डॉलर ४५ सेंट पडले. रायफल टेक्सास राज्यातील डॅलस येथे टपालपेटीच्या पत्त्यावर पोहोचली. त्याच वर्षी २२ नोव्हेंबर रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची डॅलस येथे हत्या झाली.

या घटनेनंतर टपालविक्रीवर निर्बंध घालण्याची मागणी पुढे आली. परंतु कायदा होण्यास पाच वर्षे लागली. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जून १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या. त्यानंतर २२ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी बंदूक नियंत्रण कायद्यावर स्वाक्षरी केली. एका राज्याने केलेले नियम शेजारच्या राज्यातून शस्त्र आणून निष्फळ ठरवले जाऊ नयेत, हा या कायद्याचा एक प्रमुख हेतू होता.

कायद्यातील तरतुदी

या कायद्यानुसार परवाना नसलेली व्यक्ती दुसऱ्या राज्यातील परवाना नसलेल्या व्यक्तीला बंदूक विकू अथवा भेट देऊ शकत नाही. असा व्यवहार परवानाधारक विक्रेत्यामार्फतच करावा लागतो. जाणीवपूर्वक उल्लंघन केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते.

पिस्तूल व रिव्हॉल्वर यांना सर्वांत कडक नियम लागू आहे. विक्रेता ही शस्त्रे केवळ आपल्या राज्यातील रहिवाशालाच देऊ शकतो. परराज्यातील ग्राहक दुकानात प्रत्यक्ष उभा असला आणि तपासणीत निर्दोष ठरला, तरी शस्त्र त्याच्या राज्यातील विक्रेत्याकडेच रवाना करावे लागते.

रायफल व शॉटगन या लांब नळीच्या बंदुकांबाबत काहीशी सवलत आहे. १९६८ च्या कायद्यात ती सीमेलगतच्या राज्यांपुरती होती. १९८६ च्या शस्त्रधारक संरक्षण कायद्याने ती सर्व राज्यांसाठी खुली केली. मात्र ग्राहकाने दुकानात समक्ष हजर राहिले पाहिजे आणि दोन्ही राज्यांच्या कायद्यांचे पालन झाले पाहिजे. ग्राहक समक्ष हजर नसेल, तर रायफललाही स्थानिक विक्रेत्याचाच मार्ग घ्यावा लागतो.

एकाच राज्यातील दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहाराला मात्र केंद्रीय कायद्यानुसार विक्रेत्याची अथवा तपासणीची गरज नाही; तेथे राज्याचा कायदा लागू होतो. त्यामुळे सीमेच्या अलीकडे बिनखर्चात होणारा व्यवहार सीमेपलीकडील व्यक्तीशी केल्यास शुल्क, वाहतूकखर्च आणि प्रतीक्षा या तिन्ही गोष्टी त्यात येतात.

हस्तांतरण कसे होते?

खरेदीदाराने प्रथम आपल्या परिसरात हे काम स्वीकारणारा विक्रेता शोधायचा असतो. त्या विक्रेत्याच्या परवान्याची प्रत शस्त्र पाठवणाऱ्याकडे जाते. परवाना खरा असल्याची खात्री मद्य, तंबाखू, बंदुका व स्फोटके विभागाच्या, म्हणजेच एटीएफच्या संकेतस्थळावर करता येते. त्यानंतर शस्त्र रवाना होते.

शस्त्र मिळाल्यावर विक्रेत्याने ते आवक-जावक नोंदवहीत दुसऱ्या कामकाजाच्या दिवसअखेरपर्यंत नोंदवायचे असते. नंतर खरेदीदार दुकानात येतो, ओळखपत्र दाखवतो आणि ४४७३ क्रमांकाचा केंद्रीय अर्ज भरतो. विक्रेता राष्ट्रीय त्वरित पार्श्वभूमी तपासणी यंत्रणेकडे विचारणा करतो. एफबीआयची ही यंत्रणा ३० नोव्हेंबर १९९८ पासून कार्यरत आहे. बहुतेक वेळा उत्तर काही मिनिटांत मिळते. निर्णय लांबल्यास तीन कामकाजाचे दिवस थांबावे लागते. २०२२ च्या कायद्यानुसार २१ वर्षांखालील खरेदीदारासाठी ही मुदत दहा कामकाजाच्या दिवसांपर्यंत वाढू शकते.

एफबीआय या तपासणीसाठी कोणतेही शुल्क घेत नाही. त्यामुळे दुकानात भरावी लागणारी रक्कम ही सरकारी फी आहे, हा अनेकांचा समज बहुतेक राज्यांत चुकीचा ठरतो. ती विक्रेत्याच्या सेवेची किंमत असते.

दर आणि अटी

हस्तांतरणाचे शुल्क साधारणतः २५ ते ५० डॉलरच्या दरम्यान असते. मोठ्या शहरांत आणि कडक नियमांच्या राज्यांत ते १०० डॉलरच्या पुढेही जाते. स्वस्त, जुन्या बंदुकीच्या बाबतीत वाहतूकखर्च व शुल्क मिळून होणारी रक्कम मूळ किमतीच्या बरोबरीला येऊ शकते.

ग्राहकांच्या तक्रारी केवळ दराविषयी नाहीत. काही विक्रेते परवाना नसलेल्या व्यक्तीने पाठवलेले शस्त्र स्वीकारतच नाहीत. कायदा तशी मुभा देत असला, तरी दुकानाचे धोरण आड येते. अशा वेळी पाठवणाऱ्यालाही आपल्या गावातील विक्रेत्याची मदत घ्यावी लागते आणि एका व्यवहारासाठी दोन शुल्के भरावी लागतात. काही दुकाने ठरावीक दिवसांनंतर साठवणुकीचे भाडे लावतात. काही ठिकाणी शुल्क शस्त्राच्या किमतीच्या टक्केवारीत मोजले जाते. जी वस्तू दुकानातच उपलब्ध आहे, ती बाहेरून मागवल्यास जादा आकारणी करणारे विक्रेतेही आहेत. तपासणीत खरेदीदार अपात्र ठरल्यास शस्त्र परत पाठवण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्नही प्रत्येक दुकान आपापल्या परीने सोडवते.

यांपैकी बहुतेक अटी बेकायदेशीर नाहीत. त्या आगाऊ कळत नाहीत, ही मुख्य अडचण आहे. शस्त्र दुकानात पोहोचल्यानंतर ग्राहकापुढे फारसा पर्याय उरत नाही. म्हणूनच पैसे भरण्यापूर्वी शुल्काचा एकूण आकडा, साठवणुकीची मुदत, खासगी पाठवणाऱ्याबाबतचे धोरण आणि व्यवहार फिसकटल्यास होणारा खर्च यांची लेखी माहिती घेणे हिताचे ठरते.

विक्रेत्यांची बाजू

विक्रेत्यांच्या दृष्टीने हे काम वरकरणी दिसते तितके किरकोळ नाही. बाहेरून आलेले शस्त्र एकदा नोंदवहीत चढले की त्याची संपूर्ण जबाबदारी दुकानावर येते. ते सुरक्षित ठेवणे, खरेदीदाराच्या अर्जातील प्रत्येक रकाना तपासणे आणि निरीक्षकांना हिशेब दाखवणे ही कामे स्वतःच्या मालाइतकीच काटेकोरपणे करावी लागतात. ऑगस्ट २०२२ पासून हे अर्ज व नोंदी व्यवसाय बंद होईपर्यंत जपून ठेवणे बंधनकारक झाले. पूर्वी अर्ज २० वर्षांनंतर नष्ट करण्याची मुभा होती. पाच कामकाजाच्या दिवसांत एकाच व्यक्तीला दोन अथवा अधिक पिस्तुले दिली, तर त्याचा स्वतंत्र अहवालही पाठवावा लागतो.

चुकीची किंमतही मोठी असते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने गंभीर स्वरूपाच्या हेतुपुरस्सर उल्लंघनांबाबत परवाना रद्द करण्याचे कठोर धोरण जाहीर केले. एप्रिल २०२५ मध्ये ते मागे घेण्यात आले. तथापि परवाना रद्द करण्याचा मूळ अधिकार कायम आहे. ज्या शस्त्राच्या विक्रीत नफा नाही, त्यासाठी हा धोका का पत्करावा, असा प्रश्न विक्रेते विचारतात. आंतरजालावरील लिलाव व विक्रीमुळे स्थानिक दुकानांचा धंदा कमी झाला, ही खंतही त्यामागे असते.

दुकानांची घटलेली संख्या हेही एक कारण आहे. १९९३ पर्यंत विक्रेत्याचा परवाना वर्षाला अवघ्या दहा डॉलरमध्ये मिळत असे. अनेक जण घरबसल्या, छंद म्हणून हा व्यवसाय करीत आणि परिचितांची हस्तांतरणे नाममात्र मोबदल्यात करून देत. १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने पहिल्या तीन वर्षांसाठी २०० डॉलर आणि नंतर दर तीन वर्षांच्या नूतनीकरणासाठी ९० डॉलर असे शुल्क ठरवले. पुढच्या वर्षीच्या कायद्याने बोटांचे ठसे, छायाचित्र आणि स्थानिक नियमांच्या पालनाचे प्रमाणपत्र आवश्यक केले. १९९४ मध्ये सर्व प्रकारचे मिळून सुमारे अडीच लाख परवानाधारक होते. दशक संपेपर्यंत ही संख्या जवळपास एक लाखावर आली. नियंत्रणाच्या दृष्टीने हा बदल हेतुपूर्वक करण्यात आला होता. परंतु त्यामुळे ग्रामीण भागांत आणि काही शहरांत ग्राहकांपुढील पर्याय कमी झाले.

राज्यागणिक निराळे नियम

काही राज्यांनी शुल्कावर मर्यादा घातली आहे. कॅलिफोर्नियात दोन रहिवाशांमधील खासगी व्यवहार विक्रेत्यामार्फत करणे सक्तीचे आहे आणि त्यासाठी विक्रेता स्वतःचे शुल्क म्हणून प्रत्येक शस्त्रामागे दहा डॉलरपेक्षा अधिक घेऊ शकत नाही. राज्य शासनाची फी त्याव्यतिरिक्त असते. परंतु परराज्यातून येणाऱ्या शस्त्राला ही मर्यादा लागू होत नाही. त्यामुळे एकाच दुकानात दोन प्रकारच्या हस्तांतरणांचे दर अनेक पटींनी भिन्न दिसतात. शिवाय शस्त्र पाठवणाऱ्या परराज्यातील विक्रेत्याने कॅलिफोर्निया न्याय विभागाकडून आधी मंजुरी क्रमांक घ्यावा लागतो आणि खरेदीदाराला दहा दिवस थांबावे लागते. या सोपस्कारांमुळे कॅलिफोर्नियाला माल पाठवण्याचेच टाळणारे विक्रेते आढळतात.

कोलोरॅडोने २०१३ च्या कायद्याने खासगी व्यवहारांना तपासणी सक्तीची केली. त्याच वेळी अशा तपासणीसाठी विक्रेत्याच्या शुल्कावर दहा डॉलरची मर्यादा घातली. विक्रेत्यावर हे काम स्वीकारण्याची सक्ती मात्र करण्यात आली नाही. दर बांधून दिला तरी सेवा मिळेलच याची शाश्वती नसते, हे या तरतुदीवरून दिसून येते. न्यूयॉर्क राज्याने सप्टेंबर २०२३ पासून तपासणीचे काम राज्य पोलिसांकडे सोपवले आणि प्रत्येक शस्त्राच्या तपासणीसाठी नऊ डॉलर फी आकारण्यास सुरुवात केली. ही रक्कम विक्रेत्याच्या शुल्कात मिळवावी लागते.

राजधानीतील एकमेव विक्रेता

या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेच्या राजधानीतच घडले. वॉशिंग्टन शहरात पिस्तूल बाळगण्यावर असलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २००८ रोजी घटनाबाह्य ठरवली. बंदी उठली, पण शहरात पिस्तुलांचे दुकान नव्हते. शेजारच्या व्हर्जिनिया किंवा मेरीलँडमध्ये खरेदी केलेले पिस्तूल स्वीकारून रहिवाशाला देणारा एकच परवानाधारक तेथे होता. प्रत्येक हस्तांतरणासाठी तो १२५ डॉलर आकारीत असे.

२०११ मध्ये त्याच्या जागेचा भाडेकरार संपला आणि काही काळ राजधानीत पिस्तूल कायदेशीररीत्या घेण्याचा मार्गच बंद झाला. सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेला हक्क एका दुकानदाराच्या भाडेकरारावर अवलंबून असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. अखेर शहर प्रशासनाने त्याला पोलीस मुख्यालयाच्या इमारतीत जागा दिली. पुढे २०२० मध्ये तो निवृत्त झाल्यावर राजधानीच्या पोलीस खात्याने स्वतःच परवाना घेऊन हे काम सुरू केले.

दरम्यान, २०११ मध्येच राजधानीतील रहिवाशांनी केंद्रीय नियमाला आव्हान दिले. डिसेंबर २०१२ मध्ये चौथ्या विभागीय अपील न्यायालयाने ‘लेन विरुद्ध होल्डर’ या खटल्यात त्यांना दावा करण्याचा अधिकारच नसल्याचा निर्णय दिला. नियमाचे बंधन विक्रेत्यांवर आहे, ग्राहकांवर थेट नाही. आणि वाढीव खर्च हा विक्रेत्यांनी आकारलेल्या शुल्काचा परिणाम आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

२०१४ मध्ये राजधानीतील एका दांपत्याने टेक्सासमधील विक्रेत्याकडे पिस्तुले पसंत केली. ती राजधानीतील त्याच परवानाधारकाकडे पाठवून त्याचे शुल्क भरण्याची वेळ आल्यावर त्यांनी विक्रेत्यासह न्यायालयात धाव घेतली. फेब्रुवारी २०१५ मध्ये टेक्सासमधील केंद्रीय जिल्हा न्यायालयाने पिस्तुलांच्या आंतरराज्य विक्रीवरील बंदी घटनाबाह्य ठरवली. जानेवारी २०१८ मध्ये पाचव्या विभागीय अपील न्यायालयाने ‘मॅन्स विरुद्ध सेशन्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात हा निर्णय फिरवला. पन्नास राज्यांचे आणि राजधानीचे पिस्तूलविषयक कायदे प्रत्येक विक्रेत्याला अचूक ठाऊक असतील, अशी अपेक्षा करता येत नाही, असे कारण न्यायालयाने दिले. पूर्ण पीठापुढे फेरसुनावणी घेण्याची मागणी आठ विरुद्ध सात मतांनी फेटाळण्यात आली. १५ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानेही प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

वारसा आणि भेट

कुटुंबांना या नियमाची झळ अनेकदा अनपेक्षितपणे बसते. मृत्युपत्राने अथवा वारसाहक्काने मिळालेली बंदूक परराज्यातील वारस विक्रेत्याविना घेऊ शकतो. केंद्रीय कायद्यात तसा स्पष्ट अपवाद आहे. वारस कायद्याने अपात्र नसावा आणि त्याच्या राज्यात ते शस्त्र बाळगण्यास मनाई नसावी, एवढीच अट आहे. मात्र हयात असलेल्या वडिलांनी तीच बंदूक दुसऱ्या राज्यातील मुलाला भेट दिली, तर मुलाच्या राज्यातील विक्रेत्याकडे जावे लागते आणि शुल्क भरावे लागते. आजोबांची शिकारीची बंदूक सुटीत नातवाच्या हाती देऊन त्याला घरी पाठवणारे कुटुंब नकळत गुन्ह्याच्या कक्षेत येऊ शकते.

इतरही काही अपवाद आहेत. दुरुस्तीसाठी परराज्यातील कारागिराकडे अथवा कारखान्याकडे पाठवलेली बंदूक मालकाला थेट घरी परत पाठवता येते. शिकार अथवा नेमबाजीसाठी तात्पुरती उसनी देता येते. दुसऱ्या राज्यात राहायला जाणारा नागरिक स्वतःचे शस्त्र सोबत नेऊ शकतो. नव्या राज्यात ते वैध असले पाहिजे. सैनिकाला त्याच्या कायम नेमणुकीच्या राज्याचा रहिवासी मानले जाते. १८९८ पर्यंत बनलेल्या पुरातन बंदुकांना हा कायदा लागू होत नाही. पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांना तीन वर्षांसाठी ३० डॉलरमध्ये वेगळा परवाना मिळतो आणि अशी शस्त्रे त्यांना परराज्यातून थेट घरी मागवता येतात.

अमेरिकेत वास्तव्य करणाऱ्या भारतीयांसाठी एक बाब महत्त्वाची आहे. एच-१बी अथवा विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या व्यक्तींना, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता, बंदूक बाळगण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू होत नाही. त्यामुळे अमेरिकेतील मित्राकडून अथवा नातेवाइकाकडून शस्त्र घेण्यापूर्वी आपल्या व्हिसाचा प्रकार आणि राज्याची सीमा या दोन्ही बाबी तपासणे आवश्यक आहे.

पुढे काय?

निर्बंधाचे समर्थक तस्करीकडे लक्ष वेधतात. न्यूयॉर्कच्या महाधिवक्ता कार्यालयाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, त्या राज्यात गुन्ह्यांच्या तपासात जप्त झालेल्या बंदुकांपैकी जवळपास तीनचतुर्थांश बंदुका मूळच्या परराज्यांतील होत्या. दक्षिणेकडील राज्यांतून न्यूयॉर्ककडे येणाऱ्या महामार्गाला तेथे ‘लोखंडी नळवाट’ अशा अर्थाच्या नावाने ओळखले जाते. कायदा असूनही ही स्थिती असेल, तर तो शिथिल केल्यास काय होईल, असा त्यांचा प्रश्न आहे. विरोधकांच्या मते तस्कर दुकानातील अर्ज भरत नाही. शुल्क भरतो तो नियम पाळणारा नागरिक. देशभर एकच त्वरित तपासणी यंत्रणा उपलब्ध झाल्यावर १९६८ मधील अट कालबाह्य झाली, असे ते म्हणतात.

पिस्तुलांची आंतरराज्य विक्री खुली करणारे विधेयक प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन नेते स्टीव्ह स्कॅलीस यांनी अनेकदा मांडले. परंतु त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रविषयक कायद्यांची परीक्षा ऐतिहासिक परंपरेच्या निकषावर करण्याचे ठरवल्यानंतर या नियमाला नव्याने आव्हान देण्याचे प्रयत्न सुरू झाले.

तपासणी हवी की नको, हा एक वाद आहे; आणि तिचा खर्च कोणी, किती व कोणत्या अटींवर सोसावा, हा दुसरा. पहिल्या वादात सहा दशके गेली. दुसऱ्याचे उत्तर १९६८ च्या कायद्याने दिलेच नाही. शासनाने सीमेवरील तपासणीचे काम खासगी दुकानांवर सोपवले; पण त्यांचा मोबदला निश्चित केला नाही आणि सेवेची हमीही घेतली नाही. राजधानीत अखेर पोलीस खात्यालाच परवाना घ्यावा लागला. इतरत्र मात्र या सेवेचा दर आणि तिच्या अटी आजही विक्रेताच ठरवतो.